सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण: आधी आतला टाका वाचा

सोमवारची ओपीडी, पावसाळी दिवस, बाकावर बसायला जागा नाही. शाहूवाडीकडची एक सून आली होती, सहावा महिना, पहिलं सिझर. सोबत सासूबाई. टेबलापाशी येताच त्यांनी सुनेचा पदर बाजूला केला. "सिस्टर, टाका बघा की. आडवाच हाय न्हवं? मग आता नॉर्मल हुतंय म्हणं." टाका खरंच आडवा होता, सुरेख बसलेला, ओटीपोटाच्या घडीत लपलेला. "होईल हो मावशी," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कार्डावर पहिल्या बाळाचं वजन दिसलं: १२५० ग्रॅम. सातव्या महिन्यातच झालेलं, पोटात आडवं असलेलं बाळ. सिझर मुंबईत झालेलं, नवरा तिथंच कामाला. त्याला ऑपरेशनचा कागद काढायला लावला. तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला. कातडीवरचा टाका आडवा होता, पण आत गर्भाच्या पिशवीवर उभा छेद घेतला होता, तोही वरच्या भागात.

सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही, याची अर्धी चर्चा त्या एका ओळीवर संपते. मी बावीस वर्षं कोल्हापुरात लेबर रूममध्ये काढली. एवढ्या वर्षांत पोटावरचा टाका दाखवणाऱ्या शेकडो बायका भेटल्या. ऑपरेशनचा कागद घेऊन आलेल्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून सुरुवात कागदापासून.

कागद कुठून काढायचे, त्यात काय बघायचं

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट्स म्हणून वेगळा कागद असतो, सिझर करणाऱ्या डॉक्टरांनी त्यात आत काय केलं ते लिहिलेलं असतं. तो मागायचा हक्क तुमचा आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटनं मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण त्याच नियमात कागद जपायची मुदत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांची आहे. दोन बाळांत चार वर्षांचं अंतर पडलं तर दवाखान्यात फाइल सापडेलच असं नाही. म्हणून दुसऱ्यांदा दिवस जायची वाट बघू नका. पहिलं बाळ रांगायला लागलं की एक साधा अर्ज द्या, झेरॉक्स घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून नवऱ्याला आणि आईला पाठवून ठेवा. पुरात घरातली कपाटं भिजतात, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

कागद हातात आला की दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, छेद कुठं घेतला. "एलएससीएस" असं लिहिलेलं असेल तर पिशवीच्या खालच्या पातळ भागात छेद आहे, आणि हल्ली तो बहुतेक वेळा आडवाच असतो. कळा येतात तेव्हा जोर लावतो तो पिशवीचा वरचा जाड भाग. खालचा भाग फक्त ताणला जातो. त्यामुळे खालचा आडवा टाका कळा बऱ्यापैकी सोसतो, तो उसवण्याचा धोका साधारण दोनशे बायकांत एकीला. "क्लासिकल", "उभा छेद", "टी" किंवा "जे" आकाराचा छेद असं काही दिसलं तर धोका कित्येक पटींनी वाढतो. तिथं नॉर्मलचा प्रयत्न करायचा नसतो. बाळ फार लवकर काढावं लागलं असेल, आडवं असेल, किंवा वार (प्लासेंटा) खाली असेल तर आत उभा छेद घेतलेला असण्याची शक्यता धरूनच कागद वाचावा, कारण सातव्या महिन्यात पिशवीचा खालचा भाग नीट तयारच झालेला नसतो.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे आपल्याकडच्या सासवांचं वाक्य वाटतं, पण ते १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी लिहिलेलं आहे. त्या काळी छेद उभे घेत, म्हणून त्या काळापुरतं ते बरोबरच होतं. पुढं छेद बदलला, वाक्य तेवढं मागं राहिलं.

दुसरी गोष्ट, सिझर कशासाठी झालं. "ब्रीच" म्हणजे बाळ पायाळू होतं. "फिटल डिस्ट्रेस" म्हणजे ठोके बिघडले. ही कारणं पुन्हा येतीलच असं नाही, त्यामुळे नॉर्मल होण्याची आशा चांगली असते. "एनपीओएल" म्हणजे कळा असूनही पिशवीचं तोंड उघडायचं थांबलं. इथं शक्यता थोडी उतरते, संपत नाही. किती सेंटीमीटरवर थांबलं होतं तेही बघा. पूर्ण उघडून मग अडलं आणि तीन सेंटीमीटरवरच निर्णय झाला, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. "सीपीडी" म्हणजे बाळाचं डोकं मोठं आणि कटी लहान. हा शिक्का आपल्याकडे सढळ हातानं मारला जातो, आणि शिक्का असलेल्या बऱ्याच बायका पुढं त्याच कटीतून तितकंच मोठं बाळ जन्माला घालतात. कारणाच्या रकान्यात काहीच नसेल तर सरळ विचारा. मुहूर्त गाठायला केलेल्या सिझरच्या कार्डावर मुहूर्त लिहिलेला मी तरी कधी पाहिला नाही.

अंतर

दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाका उसवण्याचा धोका वाढतो. दोन्ही जन्मांमध्ये किमान दीड ते दोन वर्षं हवीत. जागतिक आरोग्य संघटना त्याहून पुढं जाऊन सांगते की मूल झाल्यावर दोन वर्षांनी पुढचे दिवस जावेत. अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत, हे अर्धं खरं आहे. फक्त आईचंच दूध, पाळी अजून सुरू नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं, या तिन्ही अटी जुळल्या तरच. कॉपर-टी सिझरच्या वेळीच बसवता येते. सरकारी दवाखान्यात "अंतरा" इंजेक्शन आणि "छाया" गोळ्या फुकट मिळतात. आशाताईंना विचारायला लाजू नका, त्यांना रोज हेच विचारतात.

कुणी प्रयत्न करू नये

आत उभा छेद असेल, आधी पिशवी फाटलेली असेल, गाठी काढताना पिशवी आतपर्यंत उघडली असेल, या वेळी वार तोंडावर असेल किंवा बाळ आडवं असेल, तर नाही. दोन सिझर झाली असतील तर काही डॉक्टर निवडक बायकांना संधी देतात, पण आपल्या भागात बहुतेक जण नको म्हणतात आणि मला त्यात चूक दिसत नाही.

बाकीच्यांत, खाली आडवा छेद असलेल्या आणि प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साधारण साठ ते ऐंशी जणींचं नॉर्मल होतं. सिझरच्या आधी किंवा नंतर एकदा जरी नॉर्मल झालेलं असेल तर हा आकडा पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत जातो. वजन जास्त असणं, बाळ चार किलोच्या पुढं जाणं, तारीख उलटून जाणं, यांनी तो खाली येतो. राहिलेल्या जणींचं कळा सोसून शेवटी सिझरच होतं, आणि सगळ्यात जास्त त्रास याच वाटेला असतो. रक्तस्राव, ताप, टाक्यात पू, हे सगळं ठरवून केलेल्या सिझरपेक्षा इथं जास्त. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. नॉर्मल झालं तर सगळ्यात सोपं, कळांनंतरचं सिझर सगळ्यात अवघड, आणि ठरवलेलं सिझर या दोहोंच्या मध्ये.

मग ठरवूनच सिझर का करू नये? ज्यांना दोनच मुलं हवीत त्यांनी तसं ठरवलं तर त्यात कमीपणा नाही. पण प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार खाली बसण्याचा, जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका चढत जातो. रुतलेली वार सुटत नाही, पिशवी काढावी लागते, रक्ताच्या बाटल्या लागतात. तिसरं मूल मनात असेल तर हा हिशेब आजच करायला हवा.

नऊ महिन्यांत

पहिली सोनोग्राफी सहा-सात आठवड्यांना करून घ्या. गर्भ जुन्या टाक्यातच रुजला नाही ना, हे तेव्हाच कळतं. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार कुठं आहे आणि टाक्याशी तिचा संबंध आहे का, हे विचारा. रिपोर्टवर नुसतं "नॉर्मल" असलं तरी विचारा. शेवटच्या महिन्यात काही ठिकाणी टाक्याची जाडी मोजतात. अमुक मिलिमीटरच्या वर म्हणजे हमखास सुरक्षित, असा एकच सर्वमान्य आकडा नाही. त्या आकड्यानं हुरळूनही जाऊ नका, खचूही नका.

साखरेची तपासणी चुकवू नका, साखर वाढली की बाळ मोठं होतं. हिमोग्लोबिन अकराच्या वर हवं, म्हणजे रक्त गेलं तरी अंगात शिल्लक राहते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. आमच्याकडे कितीतरी बायका सकाळच्या चहाच्या कपाबरोबरच गोळी गिळायच्या आणि वर "गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणायच्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते. जुना ऑपरेशनचा कागद तिथं नक्की न्या.

आणि दोन जिवांची म्हणून दोघांचं जेवण नको. डोहाळजेवणाचं ताट एक दिवसाचं असतं.

दवाखाना: इथं घाई नको

टाका उसवला तर हातात मिनिटं असतात. बाळ अर्ध्या तासाच्या आत बाहेर यावं लागतं, तेही उशिराचंच. म्हणून नॉर्मलचा प्रयत्न करायचा तो अशाच ठिकाणी, जिथं मध्यरात्री दोन वाजताही ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सुरू होऊ शकते. आठव्या महिन्याच्या आत डॉक्टरांसमोर बसून हे विचारा: भूलतज्ज्ञ दवाखान्यातच असतात की फोन केल्यावर घरून येतात, आणि किती वेळात? रक्त कुठल्या रक्तपेढीतून येतं, माझ्या गटाचं आधी जुळवून ठेवता येईल का? बाळांचे डॉक्टर आणि काचेची पेटी इथंच आहे का? कळांमध्ये ठोक्यांचं मशीन सतत लावता का? सिझरनंतरचं नॉर्मल तुमच्याकडे शेवटचं कधी झालं? आणि पैशांचं: अर्ध्यातून सिझर करावं लागलं तर बिल किती? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ओटीच्या दारात तो जास्त महाग पडतो.

डॉक्टर "नको" म्हणाले की लगेच "पैशासाठी" असं म्हणू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझरची आहेत, आणि देशभरातल्या खासगी दवाखान्यांत हा आकडा सत्तेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. पण एकट्या डॉक्टरांचं दहा खाटांचं नर्सिंग होम असेल तर बारा-पंधरा तास तुमच्या कळांपाशी बसायला त्यांच्याकडे माणूस नसतो. अशा डॉक्टरांनी नको म्हणणं प्रामाणिकपणाचं आहे. मला धास्ती वाटते ती "बघू की, होईल" म्हणणाऱ्यांची. वर विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर न देता असं म्हणत असतील तर दुसरा दवाखाना बघा. कोल्हापुरातलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, येण्या-जाण्याची गाडी सगळं फुकट असतं. गर्दी असते, खाटेसाठी थांबावं लागतं, पण वरचे प्रश्न तिथंही विचारता येतात.

आता अंतराचं. माहेरी बाळंतपणाला जायची आपली रीत चांगली आहे, पण माहेर गगनबावड्यात, राधानगरीच्या आत किंवा आजऱ्याच्या डोंगरात असेल तर कळा सुरू झाल्यावर निघून चालणार नाही. चंदगडच्या बायकांनी उगाच कोल्हापूरचा हट्ट धरू नये, त्यांना बेळगाव जवळ. तारीख आषाढ-श्रावणात असेल तर पंचगंगेचाही विचार करा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. गगनबावड्याच्या वाटेवर बालिंग्याचा पूल आणि रत्नागिरीच्या वाटेवर केर्ली इथं पाणी येऊन रस्ता बंद पडतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ हायवेच बंद होता. पाण्याची बातमी ऐकून निघायचं नसतं. सदतीस आठवडे झाले की दवाखान्याच्या जवळ, नदीच्या दवाखान्याकडच्या बाजूला, कुणा मावशी-आत्याकडे राहायला जा. १०८ आणि १०२ हे नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये हवेत, पण पुराच्या पाण्यातून ॲम्ब्युलन्सही चालत नाही.

कळा सुरू झाल्यावर

पहिल्या बाळंतपणात "कळा पाच मिनिटांवर आल्या की या" म्हणतात. तुम्ही थांबू नका. नियमित कळा, पाणी जाणं, अंगावर लाल जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही एक झालं की निघा. निघताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घ्या आणि दारातच सांगा, "माझं आधी सिझर झालंय." रात्रपाळीच्या सिस्टरला ते कपाळावर लिहिलेलं दिसत नाही.

घरी एरंडेल पिऊन कळा आणायचा उपाय करू नका. दवाखान्यातही आपण होऊन आलेल्या कळा सगळ्यात बऱ्या. कळा आणायच्याच असतील तर डॉक्टर बहुधा पिशवीच्या तोंडात ठेवायचा रबरी फुगा वापरतात. मिसोप्रोस्टॉलची गोळी सिझर झालेल्या बाईला कळा आणायला देत नाहीत, ती दिसली तर विचारा. कळा वाढवायचं सलाइन लागलं तर थेंब मोजून आणि कुणीतरी शेजारी बसून.

आत गेल्यावर हातात सुई, पोटाला पट्टे, ठोक्यांचं मशीन चालू. पट्टे बांधले म्हणजे उताणं पडून राहायचं असं नाही, कुशीवर वळा, बसा, जमेल तितकं उभं राहा. पाठीतलं वेदना कमी करायचं इंजेक्शन घेता येतं, सिझर झालेल्या बाईला ते चालतं. कळा वाढतील, त्यात काही नवल नाही. पण दोन कळांच्या मध्येही पोट दुखतच राहिलं, टाक्यापाशी चिरल्यासारखं वाटलं, चांगल्या चाललेल्या कळा एकदम थांबल्या, लघवीत रक्त दिसलं किंवा जीव घाबरा झाला, तर हाक मारायची, मोठ्यानं. "सिस्टर रागावतील" म्हणून गप्प राहिलेली एक बाई मला अजून आठवते. ती आणि बाळ दोघंही वाचली, पण ओटीकडे धावताना स्ट्रेचरचं चाक दारात अडकलं तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. पुष्कळदा पहिली खूण बाईला कळतही नाही, ठोक्यांच्या कागदावरची रेघ खाली जाते. म्हणून ते मशीन.

सोबत एक बाई माणूस ठेवायची मुभा आता सरकारी दवाखान्यांतही आहे. धीराची निवडा, रडणारी नको.

सिझरच ठरलं तर

काही अडचण नसेल तर तारीख एकोणचाळीस आठवड्यांच्या आत घेऊ नका. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. पंचांगातला चांगला दिवस अडतिसाव्या आठवड्यात येत असेल तर पंचांग बाजूला ठेवा. उभ्या छेदावाल्यांचं गणित वेगळं, त्यांना कळा येण्याआधी, सदतीस आठवड्यांच्या सुमाराला घेतात.

घरी आल्यावर टाक्याला तेल नको, हळद नको, कोरडा ठेवायचा. बाजेखालच्या शेगडीविषयी एक सांगते. टाक्याच्या आसपासची कातडी काही महिने बधिर असते, चटका बसतोय ते कळत नाही. भाजलेली पोटं मी पाहिली आहेत. धुरी खोलीत फिरवा, पोटाखाली नको. आणि बाळंतिणीचं पाणी तोडू नका, दूध पाण्यातूनच येतं. तांबडा रस्सा थोडे दिवस सासऱ्यांना पिऊ दे.

शाहूवाडीच्या त्या सुनेचं सदतिसाव्या आठवड्यात सिझर झालं, मुलगी, अडीच किलो. डिस्चार्जच्या दिवशी सासूबाई नवीन कागद घेऊन परत माझ्या टेबलापाशी. "सिस्टर, ह्यात इंग्रजीत काय लिवलंय त्ये मागं मराठीत लिवून द्या की. उद्या मी न्हाई, तुमी न्हाई, हिनं कुणाला इचारायचं?" डॉक्टरांना विचारून मी झेरॉक्सच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: "पिशवीवर वर उभा टाका, दोन सिझर. पुन्हा दिवस राहिले तर लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवणे. कळा येऊ द्यायच्या नाहीत." त्यांनी ती घडी घालून कनवटीला लावली. मी म्हटलं, "मावशी, कनवटीला नको, भिजेल." मग सुनेनं मोबाइल काढून फोटो घेतला.